सोपवलेले काम

(दोन माणसांत व्यवहाराचा वाद झाला, किंवा जमिनीच्या तुकड्यावर दोघांनी हक्क सांगितला, तर शेवटी न्यायालयाची पायरी चढावी लागते. तेथे वकील लागतो. वकील नेमके काय करतो? त्याच्या बोलण्याने निकाल लागतो की त्याने गोळा केलेल्या पुराव्याने? व्यापाराचे आणि जंगलाचे दावे लढवणाऱ्या वकिलाच्या कामाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात सावदा हे गाव आहे. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापी नदी आणि मधल्या काळ्याभोर जमिनीत केळीच्या बागा, असा हा सारा भाग आहे. सावदा स्टेशनातून केळीच्या वॅगन भरून दिल्लीकडे जातात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सातपुड्याच्या दिशेने निघालो की हळूहळू बागा मागे पडतात, चढ लागतो आणि जंगल सुरू होते. १९६९ मध्ये जाहीर झालेले यावल अभयारण्य याच डोंगरांत आहे. डोंगरात आणि पायथ्याच्या गावांत तडवी, पावरा हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

बाग आणि जंगल या दोन्हींवर माणसे जगतात. म्हणून दोन्हींवरून वादही होतात. बागेतला वाद बहुधा पैशाचा असतो : माल गेला, पैसे आले नाहीत. जंगलातला वाद हक्काचा असतो : ही जमीन कोणाची, हे झाड कोणी तोडायचे, येथे कोणी राहायचे? हे दोन्ही वाद दिसायला वेगळे आहेत. पण न्यायालयात गेल्यावर दोन्हींना एकच प्रश्न विचारला जातो : तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?

प्रथम व्यापाराचा वाद पाहू. समजा, सावद्याच्या एका व्यापाऱ्याने दिल्लीच्या व्यापाऱ्याला केळीचे चार ट्रक पाठवले. भाव फोनवर ठरला. माल पोहोचला. आठ दिवसांनी दिल्लीहून निरोप आला, ‘दोन ट्रकमधील घड काळे पडले होते. आम्ही निम्मेच पैसे देऊ.’ सावद्याचा व्यापारी म्हणतो, ‘माल येथून निघाला तेव्हा हिरवागार होता.’ आता खरे कोणाचे?

केळी हा नाशवंत माल आहे. गहू किंवा कापूस असता, तर पोत्यातला नमुना न्यायाधीशांपुढे ठेवता आला असता. केळीचा घड मात्र पंधरा दिवसांत नाहीसा होतो. वाद उरतो, माल उरत नाही. अशा वेळी जे कागद उरतात, तेच बोलतात. काट्याची पावती, ट्रकची बिल्टी, भावाची नोंद, माल उतरवून घेतल्याची सही, बँकेचा उतारा, फोनवरचे संदेश हे सारे वकील गोळा करतो. अशिलाचे म्हणणे तो शांतपणे ऐकतो. पण ऐकता ऐकता त्यातले सिद्ध काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हेही तो निवडत असतो. चांगला वकील अशिलाला पहिल्याच दिवशी अवघड प्रश्न विचारतो. कारण तेच प्रश्न पुढे विरुद्ध बाजूचा वकील भर न्यायालयात विचारणार असतो.

यानंतर वकील समोरच्याला नोटीस पाठवतो. नोटिशीने काम भागले, तर दावा करावा लागत नाही. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली आहे. ती टळली, तर बाजू खरी असूनही दावा बुडतो. दावा कोठे करायचा, हेही पाहावे लागते. प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवहाराचा काही भाग जेथे घडला, तेथील न्यायालयात दावा करता येतो. म्हणजे सावद्याच्या व्यापाऱ्याला दिल्लीलाच गेले पाहिजे असे नाही.

मोठ्या व्यापारी दाव्यांसाठी २०१५ मध्ये वाणिज्य न्यायालयांचा कायदा झाला. आरंभी एक कोटी रुपयांपासूनचे दावे या न्यायालयांकडे जात. २०१८ मध्ये ही मर्यादा तीन लाख रुपयांवर आणली गेली. तातडीचा आदेश नको असेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणेही त्याच वर्षी सक्तीचे झाले. यात शहाणपण आहे. व्यापारी आज भांडले, तरी पुढच्या हंगामात त्यांना एकमेकांची गरज लागतेच. म्हणून समेट घडवून आणणे हेही वकिलाचे काम आहे.

समेट झाला नाही, तर दावा उभा राहतो. वादी आपले म्हणणे लिहून देतो. प्रतिवादी त्यावर कैफियत देतो. न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. साक्षी होतात, उलटतपासणी होते, मग दोन्ही बाजूंचे वकील युक्तिवाद करतात आणि शेवटी निकाल लागतो. निकाल पटला नाही, तर वरच्या न्यायालयात अपील करता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील दावे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खंडपीठापुढे जातात. त्याच्याही वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आहे.

येथपर्यंत जे शब्द आले, त्यांतले कितीतरी तुमच्या ओळखीचे आहेत. वकील, दावा, कायदा, मुदत, हक्क, कैफियत हे अरबी शब्द आहेत. दस्तऐवज आणि फिर्याद हे फारसी आहेत. शेकडो वर्षांच्या राज्यकारभारातून ते मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले. काहींचा अर्थ मात्र थोडा बदलला. उर्दूत ‘कैफियत’ म्हणजे स्थिती. मराठी न्यायालयात ‘कैफियत’ म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर. उर्दूत ‘फर्याद’ म्हणजे गाऱ्हाणे. मराठीत ‘फिर्याद’ म्हणजे गुन्ह्याबद्दल केलेली तक्रार. ‘वकील’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याच्यावर विश्वासाने काम सोपवले, तो वकील.

हे सोपवलेले काम किती मोठे होऊ शकते, ते एका मराठी वकिलाच्या कारकिर्दीवरून समजेल. त्यांचे नाव हरीश साळवे. त्यांचा जन्म १९५५ चा. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. त्यांचे आजोबा फौजदारी वकील होते. वडील एन. के. पी. साळवे हे सनदी लेखापाल होते आणि पुढे केंद्रीय मंत्री झाले. हरीश साळवे हेही आधी सनदी लेखापाल झाले. हिशेबाची वही वाचायला ते प्रथम शिकले आणि मग कायद्याकडे वळले. दिल्लीत सोली सोराबजी या नामवंत वकिलांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे उमेदवारी केली. १९९२ मध्ये त्यांना ज्येष्ठ वकील हा दर्जा मिळाला. १९९९ ते २००२ या काळात ते भारताचे सॉलिसिटर जनरल होते. म्हणजे सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात उभे राहणाऱ्या वकिलांत त्यांचे स्थान ॲटर्नी जनरलच्या खालोखाल होते.

साळवे यांनी लढवलेल्या व्यापारी दाव्यांपैकी व्होडाफोन कंपनीचा दावा फार गाजला. २००७ मध्ये या परदेशी कंपनीने हचिसन या दुसऱ्या परदेशी कंपनीचा भारतातील मोबाइल फोनचा धंदा विकत घेतला. पण विक्री झाली ती परदेशातल्या एका कंपनीच्या शेअरची. हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, सावद्यातील एका वखारीची मालकी परदेशातील एका कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीचा शेअर परदेशातच एकाने दुसऱ्याला विकला. वखार जागची हलली नाही. पण तिचा धनी बदलला. आता या विक्रीवर भारत सरकार कर मागू शकते का? प्राप्तिकर खात्याने ‘होय’ म्हटले आणि अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयात २०१० मध्ये कंपनी हरली. सर्वोच्च न्यायालयात साळवे यांनी कंपनीची बाजू मांडली. २० जानेवारी २०१२ रोजी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्या वेळच्या कायद्याच्या शब्दांत असा कर बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी सरकारने मागील तारखेपासून लागू होईल असा बदल कायद्यात केला. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि अखेर २०२१ मध्ये ती मागणी कायद्यानेच मागे घेतली गेली. हजारो कोटींचा हा झगडा शेवटी कायद्याच्या थोड्याशा शब्दांच्या अर्थावर उभा होता.

या दाव्यात साळवे एका पक्षाचे वकील होते. जंगलाच्या एका खटल्यात मात्र त्यांच्याकडे निराळेच काम आले. तेथे ते कोणत्याच पक्षाचे नव्हते.

तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात गुडलूर नावाचे गाव आहे. तेथील जंगल पूर्वी निलंबूरच्या जमीनदार घराण्याकडे होते. पुढे ते सरकारकडे गेले. त्या घराण्यातील टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांना तेथील मोठमोठी झाडे बेकायदा तोडली जात असल्याचे दिसले. जंगल आता त्यांचे नव्हते. तरी त्यांना गप्प बसवेना. १९९५ मध्ये त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. अर्ज एका गावच्या जंगलाचा होता. पण न्यायालयाने सगळ्या देशाच्या जंगलांचा प्रश्न हाती घेतला.

एवढ्या मोठ्या प्रश्नात न्यायाधीशांना मदत लागते. अशा वेळी न्यायालय एखाद्या वकिलाला ‘न्यायालयाचा मित्र’ म्हणून नेमते. तो कोणाकडूनही वकीलपत्र घेत नाही. कोणाला जिंकवणे हे त्याचे काम नसते. कागद वाचून, सर्वांचे म्हणणे समजून घेऊन, न्यायालयापुढे खरे चित्र ठेवणे एवढेच त्याचे काम. गोदावर्मन खटल्यात हे काम अनेक वर्षे हरीश साळवे यांनी केले.

१२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांनी या खटल्यात एक महत्त्वाचा आदेश दिला. १९८० पासून वनसंवर्धनाचा कायदा होता. जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची असेल, तर केंद्र सरकारची मंजुरी घेतली पाहिजे, असे तो सांगत होता. परंतु ‘जंगल’ कशाला म्हणायचे? सरकारने राखीव म्हणून जाहीर केले तेवढेच का? न्यायालयाने सांगितले, की शब्दकोशातील अर्थाने जे जंगल आहे, ते जंगलच. मग त्याचा मालक कोणीही असो. सरकारी दप्तरात ज्याची जंगल म्हणून नोंद आहे, तेही जंगलच. मंजुरीवाचून जंगलात चाललेली इतर कामे लगेच थांबवण्याचा हुकूम झाला. ईशान्येकडील सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी आली. अनेक ठिकाणच्या लाकूड कापण्याच्या गिरण्या बंद पडल्या. पुढे २००२ मध्ये जंगलांच्या प्रश्नांची तपासणी करण्यासाठी न्यायालयाच्या सांगण्यावरून एक केंद्रीय समितीही नेमली गेली. हा खटला एका निकालाने संपला नाही. तो दशकानुदशके चालू राहिला आणि त्यात शेकडो अर्ज आले.

या आदेशांमुळे पुष्कळ जंगल वाचले. परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तीही आपण समजून घेतली पाहिजे. जंगलात फक्त झाडे नसतात, माणसेही असतात. याच खटल्यात जंगलजमिनीवरील अतिक्रमणांचा विषय निघाला. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने अशी अतिक्रमणे नियमित करण्यास केंद्र सरकारला मनाई केली. त्यानंतर ३ मे २००२ रोजी केंद्रीय वन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून अतिक्रमणे काढून टाकण्यास सांगितले. आता अतिक्रमण करणारा कोण? लाकडाचा चोरटा व्यापारी आणि तीन पिढ्या तेथेच ज्वारी पेरणारा आदिवासी, दोघेही कागदावर सारखेच दिसू लागले. देशभर आदिवासींची घरे आणि शेते धोक्यात आली. दिल्लीच्या न्यायालयात या लोकांचा आवाज पुरेसा पोहोचलाच नव्हता. त्यांच्याजवळ सातबारा नव्हता, पावती नव्हती आणि बहुतेकांजवळ वकीलही नव्हता.

लोकांनी ठिकठिकाणी आवाज उठवला. अखेर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीचा हक्क मागता येतो, असे या कायद्याने ठरवले. जंगलावर पोट असलेल्या इतर लोकांनाही हा हक्क मागता येतो. मात्र त्यांना पंचाहत्तर वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. अर्जाची पहिली तपासणी गावाची ग्रामसभा करते. नंतर तो उपविभागीय समितीकडे आणि जिल्हा समितीकडे जातो.

या कायद्याच्या नियमांत पुराव्याचा विचार फार समजूतदारपणे केलेला आहे. सरकारी कागद हा पुरावा आहेच. पण जमिनीवरचा जुना बांध, झोपडीचे जोते, सपाट केलेले शेत हेही पुरावे मानले आहेत. गावातल्या वृद्ध माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकत हाही पुरावा आहे. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्या बाजूने डोंगरातला बांध बोलू शकतो. पण तो बांध मोजून, नोंदवून समितीपुढे ठेवणारा माणूस लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असा अर्ज नीट भरून देणारा वकील किंवा कार्यकर्ता मोठेच काम करत असतो. एक रकाना रिकामा राहिला, एक सही राहून गेली, तर एका कुटुंबाचे शेत जाऊ शकते.

२०१९ मध्ये हे पुन्हा दिसून आले. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले, त्यांना जंगलातून काढावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी रोजी दिला. पंधराच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, न्यायालयाने तो आदेश थांबवला. अर्ज नामंजूर करताना कोणती पद्धत पाळली गेली, याची माहिती त्याने राज्यांकडे मागितली. नामंजुरीचा शिक्का मारण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले होते का, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

हा प्रश्न फक्त गरिबांच्याच कामी येतो असे नाही. मुंबईच्या विक्रोळी भागातील गोदरेज कंपनीच्या जमिनीचा दावा पाहा. महाराष्ट्रात १९७५ मध्ये खाजगी जंगले सरकारच्या ताब्यात घेण्याचा कायदा झाला. त्याआधी, १९५० च्या दशकात, ही जमीन जंगल ठरवण्यासंबंधी एक नोटीस निघाली होती. मधल्या काळात या भागात सरकारच्याच परवानग्यांनी इमारती उभ्या राहिल्या. सुमारे पन्नास वर्षांनी त्या जुन्या नोटिशीच्या आधारे ही जमीन खाजगी जंगल असल्याचे सरकारने म्हटले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नोटीस नुसती निघून चालत नाही, ती मालकाला बजावली गेली पाहिजे आणि त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

कोट्यवधींची कंपनी आणि सातपुड्यातला पावरा शेतकरी यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण दोघांनाही हवी असलेली गोष्ट एकच होती : माझे ऐकल्याशिवाय माझ्याविरुद्ध ठरवू नका. न्यायाचा हा मूळ नियम आहे. फरक एवढाच, की कंपनीला उत्तमातला उत्तम वकील मिळतो. डोंगरातल्या माणसाला तो मिळेलच असे नाही.

ही उणीव थोडी तरी भरून काढण्यासाठी १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग आणि कैदेत असलेली माणसे यांना या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेहून कमी आहे, त्यांनाही तो मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज केला तरी चालतो. लोकअदालतीत तडजोडीने वाद मिटवता येतात. ही माहिती आपल्या घरात आणि मोहल्ल्यात सांगणे हेही एक मोलाचे काम आहे.

तुमच्यापैकी कोणाला वकील व्हावेसे वाटले, तर वाट मोकळी आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. तो पूर्ण करून राज्याच्या वकील परिषदेकडून सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. पण सनद मिळाली म्हणजे वकील झाला असे नव्हे. पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या मागे फायली घेऊन फिरण्यात, तारखा लिहिण्यात आणि मसुदे पुन्हापुन्हा लिहिण्यात जातात. त्या काळात कमाई थोडी आणि वाचन फार असते. जंगलाचा दावा चालवायचा, तर नकाशा वाचता आला पाहिजे. व्यापाराचा दावा चालवायचा, तर हिशेबाची वही वाचता आली पाहिजे. महाराष्ट्रात गावच्या शेतकऱ्याची हकिकत, तलाठ्याचा उतारा आणि तहसीलदाराचा हुकूम ही सारी मराठीत असतात. म्हणून मराठीचा प्रत्येक शब्द तोलून वाचण्याची आणि लिहिण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.

या व्यवसायाला काही बंधनेही आहेत. वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. ‘दावा जिंकलो तर रकमेतला एवढा वाटा माझा’ असा करार त्याला करता येत नाही. अशिलाची बाजू त्याने निर्भयपणे मांडायची. पण न्यायालयाची फसवणूक करायची नाही. अशिलाचे गुपित राखायचे. पण त्याच्यासाठी खोटा कागद तयार करायचा नाही. ही बंधने पाळणारा वकील कधी दावा हरेलही. पण त्याच्यावर टाकलेला विश्वास वाया जात नाही.

आणि जो वकील होणार नाही, त्यानेही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. न वाचता कशावरही सही करू नये. व्यवहार लहान असो वा मोठा, त्याची पावती जपून ठेवावी. न्यायालयात माणूस कितीही पोटतिडकीने बोलला, तरी निकाल पुराव्यावरच लागतो. तो पुरावा वाद झाल्यावर तयार करता येत नाही. वाद नसतो तेव्हाच तो जपून ठेवावा लागतो.

शब्दार्थ

अशील – ज्याची बाजू वकील मांडतो तो माणूस
वादी – दावा करणारा
प्रतिवादी – ज्याच्याविरुद्ध दावा केला आहे तो
कैफियत – प्रतिवादीचे लेखी उत्तर
बिल्टी – वाहनातून पाठवलेल्या मालाचा कागद
नाशवंत – लवकर खराब होणारे
उलटतपासणी – साक्षीदाराला विरुद्ध बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न
वकीलपत्र – वकिलाला आपले काम सोपवल्याचा कागद
सनदी लेखापाल – हिशेब तपासण्याचा अधिकार असलेला तज्ज्ञ
अतिक्रमण – दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या जमिनीवर घेतलेला ताबा
जोते – घराचा पाया, चौथरा
पोटतिडकीने – मनापासून, कळवळून

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘वकील’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) गोदावर्मन यांनी न्यायालयात अर्ज का केला?
(इ) विकलेल्या मालाच्या पैशांसाठी किती वर्षांच्या आत दावा करावा लागतो?
(ई) २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काय केले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) केळीच्या व्यवहारात कागदांना विशेष महत्त्व का आहे?
(आ) ‘न्यायालयाचा मित्र’ आणि पक्षाचा वकील यांच्या कामांत कोणता फरक आहे?
(इ) वनहक्क कायद्याच्या नियमांत कोणकोणत्या गोष्टी पुरावा मानल्या आहेत?

३. तुमचे मत लिहा.
जंगल वाचवणे आणि जंगलात राहणाऱ्यांचा हक्क जपणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधता येतील?

४. भाषाभ्यास
(अ) पुढील शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात आणि मराठीत कोणत्या, ते लिहा : कैफियत, फिर्याद, दावा, तारीख.
(आ) वाक्यांत उपयोग करा : पायरी चढणे, मागे पडणे, आवाज उठवणे, जमीन-अस्मानाचे अंतर असणे.

५. उपक्रम
तुमच्या घरातील एखादी पावती किंवा सातबाऱ्याचा उतारा वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा. त्यातील तुम्हांला न समजलेले पाच शब्द वहीत लिहा आणि त्यांचे अर्थ शिक्षकांना विचारा.